मंडळीतली स्तुती: खरी किती, खुशामत किती?

वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या सेवाग्राम आश्रमात बापू कुटी पाहायला येणारे बरेच जण बैठक पाहतात, चरखा पाहतात आणि बाहेर पडतात. भिंतीवर जॉन रस्किन या इंग्रज लेखकाचा एक उतारा लावलेला आहे, तिथे थांबून वाचणारे थोडे. त्याचा आशय असा, की खोटेपणाचे मूळ फसवण्याच्या हेतूत असते, शब्दांत नव्हे. माणूस गप्प बसून खोटे बोलू शकतो, एखाद्या अक्षरावर जोर देऊन बोलू शकतो, नुसत्या नजरेनेही बोलू शकतो. आणि असले खोटे उघड खोट्यापेक्षा अधिक हीन असते. रस्किन लहानपणापासून बायबलवर पोसलेला लेखक. ‘अन्टू धिस लास्ट’ या त्याच्या ज्या पुस्तकाने गांधीजींचे आयुष्य बदलले, त्याचे नावच मत्तयाच्या विसाव्या अध्यायातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून आले आहे. १९०८ मध्ये गांधीजींनी त्या पुस्तकाचे सार ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत उतरवले.

ख्रिस्ती मंडळीच्या जीवनात भिंतीवरचा तो उतारा सर्वांत जास्त लागू पडतो तो खुशामतीला. खुशामतीतला प्रत्येक शब्द गोड असतो, पुष्कळदा तो खराही असतो. खोटा असतो तो हेतू.

रविवारचे चित्र कोणत्याही गावात साधारण सारखेच असते. उपासना संपते, आशीर्वाद होतो, पाळक दाराशी उभे राहतात. सलाम होतात, हात मिळवले जातात. प्रवचन चालू असताना तीनदा घड्याळ पाहिलेले गृहस्थ म्हणतात, “पाळकसाहेब, आजचा संदेश म्हणजे थेट काळजाला भिडला.” त्यांच्या मुलाच्या लग्नाची तारीख ठरायची असते, नाहीतर दाखल्यावर सही हवी असते. चहाच्या टेबलावर तेच गृहस्थ शेजाऱ्याला सांगतात की आज फारच लांबण लागली होती. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. “बोलायचं असतं तसं,” एवढ्यावर विषय संपतो.

तो तसा संपू नये. पवित्र शास्त्राने या गोष्टीला शिष्टाचाराच्या किरकोळ चुकांत धरलेले नाही. शेजाऱ्याची खोटी स्तुती करणारा त्याच्या पायापुढे जाळे पसरतो, असे नीतिसूत्रे २९:५ सांगते. बाराव्या स्तोत्रात दुटप्पी मनाने गोड बोलणाऱ्या ओठांबद्दल देवाकडे गाऱ्हाणे आहे. ईयोबाच्या पुस्तकात तरुण एलीहू बोलायला उभा राहतो तेव्हा आधीच स्पष्ट करतो, की तो कुणाचे तोंड पाहून बोलणार नाही आणि कुणाला पोकळ पदव्या देणार नाही. तसे केले तर निर्माणकर्ता आपल्याला उचलून नेईल, अशी त्याला भीती आहे. पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला पहिल्या पत्रात आठवण करून देतो की त्याने त्यांच्यात कधीच आर्जवी भाषण केले नाही, आणि त्याला साक्षी देवाला ठेवतो. लूक ६:२६ मध्ये तर ज्यांच्याबद्दल सगळेच चांगले बोलतात त्यांना येशूने धोक्याचा इशारा दिला आहे, कारण खोट्या संदेष्ट्यांचीही अशीच वाहवा होत असे.

खुशामत कशी ओळखावी

तेराव्या शतकातील थॉमस अक्विनास या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्याने खुशामतीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. दुसऱ्याला आनंद देणे हा चांगला गुण आहे, असे तो आधी मान्य करतो. त्या गुणाने मर्यादा ओलांडली की खुशामत होते. नुसते खूश करण्यासाठी केलेली स्तुती हा त्याच्या लेखी हलका दोष आहे. पापाची स्तुती करणे, कुणाला फसवण्यासाठी स्तुती करणे, किंवा स्तुतीमुळे कुणी पापात पडेल अशी वेळ आणणे हे मात्र तो गंभीर मानतो. हा भेद मंडळीच्या कामी येणारा आहे. आजीबाईंच्या नव्या लुगड्याचे जरा जास्तच कौतुक करणे आणि हिशोब न देणाऱ्या खजिनदाराला ‘निष्कलंक सेवक’ म्हणणे या दोन्ही गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत.

रोजच्या वापरासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. बोलण्याआधी ते स्वतःला विचारावेत.

पहिला: मी जे तोंडावर बोलतो आहे, तेच त्या माणसाच्या पाठीमागे बोलेन का? दुसरा: या माणसाकडून मला आत्ता काही हवे आहे का? तिसरा: नेमके काय चांगले होते ते मला सांगता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक खुशामत अडखळते. “प्रवचन अप्रतिम” एवढेच म्हणणाऱ्याला त्यातला एकही मुद्दा आठवत नसेल, तर ती स्तुती प्रवचनाची नव्हती, प्रवचन करणाऱ्याच्या पदाची होती.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात याचे दोन नमुने आहेत. चोविसाव्या अध्यायात तिर्तुल्ल नावाचा वकील फेलिक्स या सुभेदारापुढे पौलावर खटला मांडतो. सुरुवातीलाच तो फेलिक्सच्या कारकिर्दीतल्या शांततेचे आणि दूरदृष्टीचे गोडवे गातो, मग आरोपांकडे वळतो. इथे स्तुती म्हणजे अर्जावर लावलेले तिकीट आहे. बाराव्या अध्यायातला प्रसंग जास्त गंभीर आहे. सोर आणि सीदोन इथल्या लोकांचे अन्नधान्य हेरोद राजाच्या मुलखातून येत असे. राजा त्यांच्यावर रागावला, म्हणून ते त्याची मनधरणी करायला कैसरियाला आले. राजाने दरबारी पोशाखात भाषण केले आणि लोक ओरडू लागले की ही माणसाची वाणी नाही, देवाची आहे. हेरोदाने ते नाकारले नाही आणि तिथेच त्याला मरणाचा आजार जडला. ज्यू इतिहासकार जोसेफस यानेही त्या दिवसाचे वर्णन केले आहे. राजाचा पोशाख रुपेरी धाग्यांचा होता आणि सकाळच्या उन्हात तो झळकत होता, असे तो सांगतो. गर्दी का ओरडली, याचे उत्तर कृत्यांचा लेखक लूक याने आधीच देऊन ठेवले आहे: प्रश्न धान्याचा होता.

मराठी मंडळ्यांतही खुशामतीचे मूळ पुष्कळदा अशाच एखाद्या गरजेत सापडते. मिशनच्या काळात नोकरी, राहायला खोली, शाळेतली जागा, दवाखान्यातले काम अशा अनेक गोष्टी मिशनरी साहेबांच्या शब्दावर अवलंबून असत. पोट ज्याच्या हाती, त्याच्यापुढे जीभ आपोआप गोड होते. या परावलंबनाचा ज्यांना मनापासून त्रास झाला त्यांत कवी नारायण वामन टिळक होते. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. आपल्या लोकांनी ख्रिस्ताकडे स्वतःच्या पायांनी जावे, कुणाच्या आश्रयाने नव्हे, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त याच टिळकांचा तापटपणा आणि विक्षिप्तपणा जसाच्या तसा लिहिला. ते पुस्तक वाचून टिळकांबद्दलचा आदर कमी झालेला वाचक शोधून सापडायचा नाही.

सेवाग्राममध्ये असलेली ख्रिस्ती माणसे

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला राहायला आले. १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. ज्याच्याभोवती खुशामतखोरांचा गराडा पडावा, असा त्या काळातला हा सर्वांत मोठा माणूस. त्याच्या जवळच्या वर्तुळात काही ख्रिस्ती माणसे होती आणि त्यांचे वागणे आजच्या मंडळ्यांना बरेच शिकवणारे आहे.

जे. सी. कुमारप्पा त्यांत ठळक. जन्म तंजावरचा, १८९२ चा, शिक्षण हिशेबनीसाचे आणि अर्थशास्त्राचे, श्रद्धेने ख्रिस्ती. १९३० च्या सत्याग्रहात निःशस्त्र लोकांवर लाठ्या चालत असताना ख्रिस्ती धर्मपुढारी कुठे आहेत, असा सवाल त्यांनी मिशनरींना आणि कलकत्त्याच्या बिशपांना लेखी विचारला. हा माणूस फक्त परक्या सत्तेशीच असा बोलत असेल, असे कुणाला वाटेल, पण तसे नव्हते. १९३४ च्या जानेवारीत बिहारमध्ये भीषण भूकंप झाला. मदतनिधीचे हिशेब सांभाळायला कुमारप्पांना पाटण्याला बोलावण्यात आले. निधी लोकांच्या दानाचा होता, म्हणून त्यांनी स्वयंसेवकांच्या जेवणखर्चासाठी दिवसाला तीन आण्यांची मर्यादा घातली. बैठकीसाठी गांधीजी आपल्या मंडळींसह आले. त्यांचा आहार ठरलेला, सोबत माणसे, फिरायला मोटार. कुमारप्पांनी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांना सांगून टाकले की हा खर्च निधीतून होणार नाही, तुमची सोय तुम्ही करा. महादेवभाईंनी ही गोष्ट गांधीजींच्या कानावर घातली. गांधीजींनी विचारले तेव्हा कुमारप्पांनी नियम आणि त्यामागचे कारण सांगितले आणि गांधीजींनी ते मान्य केले.

त्याच वर्षाच्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचे काम उभे करायची जबाबदारी कुमारप्पांवर आली. संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत पडले. ज्याने पैशाच्या बाबतीत महात्म्यालाही सूट दिली नाही, त्याच्याच हाती महात्म्याने संस्था सोपवली. विश्वास कसा कमावला जातो, हे समजून घ्यायला मंडळीच्या खजिनदारांना याहून चांगला धडा मिळणार नाही. पुढे तुरुंगात असताना कुमारप्पांनी येशूच्या शिकवणुकीवर आणि तिच्या आचरणावर पुस्तक लिहिले.

इंग्रज मिशनरी चार्ली अँड्र्यूज यांचे उदाहरण मैत्रीचे आहे. १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यांची आणि गांधीजींची भेट झाली. अँड्र्यूज गांधीजींना ‘मोहन’ म्हणत, गांधीजी त्यांना ‘चार्ली’. १९२१ मध्ये परदेशी कपड्यांच्या होळ्या पेटू लागल्या तेव्हा अँड्र्यूजनी मित्राला लिहिले की हे पाहून आपल्याला धक्का बसला आहे. दुसऱ्याच्या हातचे कष्टाचे काम जाळण्यात हिंसा आहे, असे त्यांना वाटले. गांधीजींनी ते पत्र ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकात छापले, त्याला उत्तर दिले आणि आपले मत बदलले नाही. मैत्रीही बदलली नाही. ५ एप्रिल १९४० रोजी कलकत्त्यात अँड्र्यूज वारले, तोवर ती तशीच राहिली. खरे बोलले की संबंध तुटतात, या भीतीपोटी मंडळीत कितीतरी गोष्टी गिळल्या जातात. अँड्र्यूज आणि गांधीजी या दोघांनी ती भीती खोटी ठरवली, कारण अँड्र्यूजनी आपले म्हणणे आधी मित्रालाच सांगितले, इतरांत कुजबुजत फिरले नाहीत.

राजकुमारी अमृत कौर कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, ख्रिस्ती कुटुंबात वाढलेल्या. त्यांना लिहिलेल्या पत्रांत गांधीजी त्यांना ‘इडियट’ नाहीतर ‘रिबेल’ म्हणत आणि खाली सही ‘टायरंट’ अशी करत. एका बाजूला राजकन्या, दुसऱ्या बाजूला महात्मा. पत्रांत दोन्ही पदव्यांना जागा नव्हती.

‘नई तालीम’ या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षक प्रशिक्षणासाठी पुढे सेवाग्रामला आलेल्या मार्जोरी साइक्स क्वेकर पंथाच्या. हा पंथ सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघाला. देवापुढे सगळे सारखे, म्हणून माणसाला खोटा मान द्यायचा नाही, हे त्यांच्या श्रद्धेचे अंग होते. मोठ्या माणसापुढे टोपी काढायची नाही, राजापासून नोकरापर्यंत सगळ्यांना एकाच एकवचनी सर्वनामाने बोलवायचे, पदव्या लावायच्या नाहीत. यापायी त्यांनी दंड भरले, तुरुंग भोगले. मराठी घरांत वडीलधाऱ्यांना ‘अहो’ म्हणणे ही आपली रीत आहे आणि ती सोडायची गरज नाही. क्वेकरांकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: आदर सगळ्यांना सारखा द्यावा. पाळकांना ‘साहेब’ आणि चर्च झाडणाऱ्या माणसाला ‘ए’, हा फरक ख्रिस्ती नव्हे. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्याला पुढची खुर्ची आणि फाटक्या कपड्यातल्याला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला याच गोष्टीचा जाब विचारतो.

प्रवचन ऐकणाऱ्यांसाठी

खुशामत नको म्हणून कौतुकच बंद करणे हा उपाय नाही. उलट बहुतेक मंडळ्यांत खऱ्या कौतुकाचा दुष्काळ आहे. पाळकांना वर्षानुवर्षे “छान झालं” यापलीकडे काही ऐकू येत नाही आणि आपल्या श्रमातून कुणाला काय मिळाले, हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

पौलाने रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात वीसहून अधिक माणसांना नावे घेऊन सलाम पाठवला आहे. त्या अध्यायातल्या कितीतरी नावांपुढे एकेक नेमकी गोष्ट आहे. फिबीने अनेकांना आणि स्वतः पौलालाही मदत केली. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी त्याच्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली. मरियेने मंडळीसाठी पुष्कळ श्रम केले. एकाची आई पौलालाही आईसारखी होती. यातले एकही विशेषण हवेत सोडलेले नाही.

तसे करून पाहावे. “फार आशीर्वादित झालो” याऐवजी म्हणावे, “भावाशी बोलणं बंद आहे, तुम्ही याकोब आणि एसावाबद्दल बोललात तेव्हा त्याची आठवण आली.” एवढे ऐकल्यावर पाळकाला त्या आठवड्यात काय करायचे हेही कळते: त्या घरी जायचे. प्रवचनातून काहीच मिळाले नसेल तर सलाम करावा, तब्येत विचारावी आणि निघावे. रविवारी प्रत्येकाने प्रवचनावर अभिप्राय दिलाच पाहिजे, असा कुठेही नियम नाही.

ज्यांच्या वाट्याला कौतुक येतच नाही त्यांच्याकडेही पाहावे. सतरंज्या घालणारे, प्रभुभोजनाची भांडी घासणाऱ्या बाया, संडे स्कूलमध्ये दर आठवड्याला त्याच दहा मुलांना शिकवणारी कॉलेजची मुलगी. यांच्याकडून कुणाला काही मिळवायचे नसते, म्हणून इथे केलेली स्तुती बहुधा खरीच असते.

पाळक आणि मंडळीचे वडील यांच्यासाठी

पहिल्या राजांच्या बाविसाव्या अध्यायात अहाब राजाजवळ सुमारे चारशे संदेष्टे आहेत आणि लढाईत जय होणार, असे सगळे एका सुरात सांगतात. त्याचा सहकारी राजा यहोशाफाट याला शंका येते, आणखी कुणी आहे का, असे तो विचारतो. अहाब सांगतो की मीखाया म्हणून एक आहे, पण तो आवडत नाही, कारण तो कधी बरे बोलत नाही. चारशेंचे ऐकून अहाब लढाईला गेला आणि मेला. ज्या पाळकाच्या मंडळीत, किंवा ज्या बिशपच्या धर्मप्रांतात, कित्येक महिन्यांत कुणीच विरोधी शब्द काढलेला नाही, तिथे सगळे आलबेल आहे असे समजू नये. तिथे लोक बोलायला घाबरत आहेत, असेच बहुधा असते.

पाळकाने आपला मीखाया स्वतः नेमावा. एक विचारी वडील, एक तरुण आणि एक स्त्री, ज्यांचे कुठलेही काम त्याच्या सहीवर अडलेले नाही, अशा तिघांना दर तीन महिन्यांनी बसवून विचारावे: माझ्या कुठल्या सवयीने लोक दुखावतात? प्रवचन कुठे समजत नाही? कोणत्या घरी मी गेलेलो नाही? आणि उत्तर ऐकताना स्वतःची बाजू मांडू नये. वहीत लिहून घ्यावे. दुसऱ्या शमुवेलाच्या बाराव्या अध्यायात नाथानाने दावीद राजाला त्याचे पाप गरीबाच्या मेंढीच्या गोष्टीतून दाखवून दिले. त्या प्रसंगात नाथानाचे धैर्य सगळ्यांनाच आठवते. दावीदाचे मोठेपण मात्र यात आहे, की त्याने नाथानाला शिक्षा न करता आपला अपराध कबूल केला.

स्तुती ऐकून घ्यायचीही रीत असते. “मी कसला, सगळं प्रभूचं” असे म्हणत दोनदा आणखी कौतुक वदवून घेण्यापेक्षा “आभारी आहे” म्हणून विषय पुढे न्यावा. ज्याचे श्रेय दुसऱ्याचे आहे ते तिथल्या तिथे त्याच्या नावावर करावे: “ते गीत कॉयरमधल्या मुलांनी निवडलं होतं.”

पंचायत, निवडणूक आणि समारंभ

लहान मंडळीत सगळे एकमेकांचे नातलग असतात. पाळकांचे व्याही मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचायतीत, खजिनदारांची मेहुणी महिला मंडळाची अध्यक्ष. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, तेव्हापासून विदर्भातल्या अनेक मंडळ्या तिच्या छत्राखाली आहेत. इतर पंथांच्याही मंडळ्या आहेत. व्यवस्था कुठलीही असो, निवडणुका आणि बदल्या जवळ आल्या की गोड बोलण्याला ऊत येतो. अशा वेळी पुढच्या काही गोष्टी पंचायतीने ठराव करूनच ठेवाव्यात.

हिशेब दर तीन महिन्यांनी सूचनाफलकावर लावावा. आकडे समोर असले की कुणाला ‘प्रामाणिक’ म्हणून गौरवायची गरज उरत नाही आणि कुणावर संशय घ्यायचीही. देणगीचा आकडा व्यासपीठावरून वाचू नये. उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये, ही मत्तयाच्या सहाव्या अध्यायातली शिकवण देणगीदारांइतकीच घेणाऱ्यांसाठीही आहे. मोठ्या देणगीदाराला पंचायतीत आपोआप जागा देऊ नये.

निरोप आणि स्वागताच्या समारंभांत शाल, नारळ, हार असू द्यावेत. भाषणे मात्र दोनच ठेवावीत आणि बोलणाऱ्यांना आधी सांगावे, की एक घडलेली गोष्ट सांगा, विशेषणे नकोत. “आमच्या वस्तीत पाणी शिरलं तेव्हा पाळकसाहेब रात्री अकराला सायकलवर आले” हे वाक्य ‘थोर’, ‘महान’, ‘देवमाणूस’ या तिन्हीपेक्षा जास्त काळ लक्षात राहते. नाताळाच्या कार्यक्रमाला पुढारी आले तर त्यांना खुर्ची द्यावी, चहा द्यावा, वस्तीतल्या रस्त्याची अडचण सांगावी. उपासनेत येशूच्या जन्माची गोष्ट थांबवून त्यांचा जयजयकार करू नये.

अंत्यविधीच्या वेळी दुःखी घराला सांत्वन हवे असते. तिथे मृताचे दोष काढायचे नसतात, पण त्याने आयुष्यात कधी न केलेल्या गोष्टीही त्याच्या नावावर चढवायच्या नसतात. घरच्यांना खरे ठाऊक असते. ज्याने खूप प्यायले आणि घराला त्रास दिला त्याच्याबद्दल “आदर्श पिता” असे पेटीशेजारी उभे राहून म्हटले, तर त्याची बायको पुन्हा एकदा एकटी पडते. देवाच्या दयेबद्दल बोलावे. तिथे अतिशयोक्ती होऊच शकत नाही.

व्हॉट्सअॅपच्या गटावर सचिवांच्या प्रत्येक संदेशाखाली चाळीस जोडलेले हात येतात. ज्याने पाठवले नाहीत त्याची नोंद होते, ही खरी अडचण. गट सूचनांपुरता ठेवावा. कौतुक करायचे तर त्या व्यक्तीला फोन करावा.

कानउघाडणी कशी करावी

खुशामत सोडली म्हणजे फटकळपणाचा परवाना मिळाला, असे काही जण समजतात. “मी तोंडावर बोलणारा माणूस आहे” असे म्हणत ते चारचौघांत कुणाचीही अब्रू काढतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल सत्याला प्रीतीची जोड देतो आणि ज्याने ऐकणाऱ्याची उन्नती होईल तेवढेच बोलायला सांगतो. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात येशूने पायऱ्याच घालून दिल्या आहेत: आधी दोघांतच बोला, नाही ऐकले तर एकदोघांना सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीला सांगा. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा चालतो. आधी सगळ्या मंडळीला कळते, शेवटी त्या माणसाला.

एक अपवाद गलतीकरांस पत्रात आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून माणसे आली तसा तो मागे सरला, आणि त्याचे पाहून इतरही सरले, बर्णबासुद्धा. तेव्हा पौलाने त्याला सर्वांसमोर विरोध केला. चूक उघड होती आणि तिने सगळ्या मंडळीची पंगत मोडली होती. खासगी चुकीला खासगी शब्द, सगळ्यांना बाधणाऱ्या उघड चुकीला उघड शब्द, असा हा हिशेब आहे. त्यातही पेत्राचा अपमान करायचा हेतू नव्हता. पंगत पुन्हा एक व्हावी, एवढाच होता.

बोलताना तीन गोष्टी पाळाव्यात. प्रवचनानंतर लगेच दाराशी बोलू नये. थकलेला माणूस ऐकू शकत नाही, मंगळवार-बुधवारी घरी जावे. ऐकीव नव्हे, स्वतः पाहिलेली एकच गोष्ट सांगावी. आणि सोबत आपण काय करू शकतो तेही सांगावे: “मुलांचा वर्ग दोन महिने बंद आहे. मी दर दुसऱ्या रविवारी घ्यायला तयार आहे.”

मंडळीने स्वतःकडेही असेच पाहावे. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या अध्यायात सात मंडळ्यांना सात पत्रे आहेत. इफिस, पर्गम आणि थुवतीरा यांना आधी त्यांचे चांगले काम सांगितले आहे, मग दोष. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांच्यावर एकही ठपका नाही. लावदिकीयाच्या वाट्याला स्तुतीचा एक शब्दही आलेला नाही, तरी तिला सोडून दिलेले नाही. दार ठोठावणारा ख्रिस्त त्याच पत्रात आहे. प्रत्येक मंडळीचे पत्र तिच्या स्थितीप्रमाणे वेगळे आहे.

येत्या वार्षिक सभेआधी प्रत्येक पंचायतीने आपल्या मंडळीला असे एक पत्र लिहावे. एका पानाचे पुरे. अर्ध्या पानात वर्षभरात खरोखर झालेली चांगली कामे, करणाऱ्यांच्या नावांसह. उरलेल्या अर्ध्यात राहून गेलेले, चुकलेले, आणि पुढच्या वर्षी कोण काय करणार ते. हे पत्र अहवालाआधी मोठ्याने वाचावे, त्यावर लोकांना बोलू द्यावे आणि मगच आभारप्रदर्शन ठेवावे.